मोहाकडचा सेन्सर

पोंभुर्ण्याच्या पुढे, जंगलाला लागून माझं गाव आहे. गावात वाघ येतो म्हणून भोंगा बसवला आणि त्या भोंग्याच्या डब्यातलं सॉफ्टवेअर मी लिहिलं, असं गावात सांगतात. ते मी लिहिलं नव्हतं. दुसऱ्याने लिहिलेलं दुरुस्त केलं होतं. पण हा फरक माझ्या आईला सांगण्यात अर्थ नव्हता. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नाही. मी चंद्रपूरला राहून इंजिनीअर झालो, तेव्हापासून गावात जे काही वायर आणि दिवा घेऊन येतं ते माझ्या पोराचं, अशी तिची समजूत. ती समजूत मला आवडायची, हेही सांगून टाकतो. शिक्षण घेतलं ते काय उगाच? कोणीतरी आपल्या नावाने मिरवलं पाहिजे, आणि आई मिरवत होती.

मी चंद्रपुरात एका लहान कंपनीत आहे. जंगलाकाठच्या गावांसाठी हे भोंगे आम्ही बनवतो. साहेब पुण्याकडचे आहेत. आमच्या गावाला उत्तरेला बांबूकडे एक खांब आणि दक्षिणेला तलावाकडे एक, असे दोन खांब मंजूर झाले. खांबावर सेन्सर. अंगात उष्णता असलेलं जनावर समोरून गेलं की तो इशारा देतो. दोन्हींच्या तारा शाळेजवळच्या डब्यात येतात. डब्यात छोटा संगणक, त्यावर लिनक्स, वर भोंगा आणि एक हिरवा दिवा. दिव्याचा अर्थ एवढाच, की वीज आहे. पण गावाने त्याचा अर्थ लावला, दिवा लागला म्हणजे भोंगा जागा आहे. कोणी तो अर्थ दुरुस्त केला नाही.

गावाच्या पूर्वेला आमची मोहाची झाडं आहेत. कोणती झाडं कोणत्या घरची हे ठरलेलं आहे, कागद नसला तरी त्यावरून कधी भांडण होत नाही. पहिली फुलं गावदेवाला वाहतात, मग वेचायला सुरुवात. फुलं पहाटे गळतात आणि सकाळी उन्हाआधी वेचावी लागतात. म्हणजे वाघाच्या फिरण्याची वेळ आणि बायकांची वेचण्याची वेळ एकच. खाली वाकून, पाठ जंगलाकडे करून बसलेली बाई वाघाला माणूस दिसत नाही, जनावर दिसतं. त्यामुळे भोंग्याची गरज खरी कुठे होती तर मोहाकडे, आणि तिथेच खांब मंजूर नव्हता. बायकांनी ओरड केली. मग तिकडेही एक खांब उभा झाला, त्यावर डबा लागला. आईने मला फोन करून सांगितलं, "आमच्याइकडंबी लागला रे. आता भ्याव नाई."

महिनाभर झाला नसेल, तर तिचा दुसरा फोन.

"काऊन रे, तुह्या भोंग्याले दुसरं काही काम नाई का?"

"का झालं, माय?"

"सकाळी मोहावर गेलो का लागते बोंबलाले. थांबतच नाई. वाघ बिचारा एखाद डाव येते, हा रोज येते."

"वाघ दिसला का पन?"

"वाघ का येते तिथी? तुहा भोंगा आयकून तो ताडोब्याले पोचला असन."

हसण्यावारी नेलं, पण मला ते लागलं. गावात कोणीतरी भोंग्याच्या तोंडात गोणपाट कोंबलं होतं, हेही तिने सांगितलं. भोंगा उगाच वाजू लागला की लोक ऐकणं सोडतात, आणि ऐकणं सोडलेल्या बाईला भोंगा असला काय नि नसला काय. माझी आई रोज सकाळी त्या झाडांखाली असते. मला तो भोंगा खरा वाजायला हवा होता. दुसरं काही नको होतं.

ऑफिसात बसून मी डब्याचा लॉग उघडला. लॉग म्हणजे यंत्र आपल्या कामाची जी बडबड लिहून ठेवतं ती. त्यात पानंच्या पानं एकच ओळ होती : सेन्सर लागला. सेन्सर लागला. सेन्सर लागला. कोणता, ते नाही. उत्तरेचा की दक्षिणेचा, काही पत्ता नाही.

हे ज्याने लिहिलं तो कधीच नोकरी सोडून गेलेला. त्याने ड्रायव्हरमध्ये, म्हणजे सेन्सर आणि लिनक्स यांच्या मधल्या प्रोग्रॅममध्ये, सगळीकडे साधा प्रिंट-के वापरला होता. प्रिंट-के हे कर्नलचं तोंड. जे द्याल ते तो ओकतो, कोण बोललं ते सांगत नाही. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, आणि त्याच कर्नलमध्ये यापेक्षा चांगली सोय आहे. डेव्ह-इन्फो, डेव्ह-वॉर्न, डेव्ह-एर अशी फंक्शनं आहेत. त्यांच्या हाती आधी उपकरण द्यावं लागतं आणि मग निरोप. ड्रायव्हरचं नाव आणि उपकरणाचं नाव कर्नल स्वतः ओळीच्या आधी लावतो. आपण लिहायचं नाही. आपण लिहिलं तर आपण खोटंही लिहू शकतो ना.

मी हे हॉस्टेलात शिकलो. कोणी शिकवलं नाही. कॉलेजातल्या सरांना स्वतःलाच येत नव्हतं. इंग्रजी वाचताना एकेका ओळीवर अडायचो, पण अडून उभा राहिलो, मागे फिरलो नाही. त्यामुळे या गोष्टीत मला कोणी शिकवू नये असं मला वाटतं, आणि ते मी तोंडावर बोलतो. माझं नुकसान त्याने बरंच झालं आहे.

साहेबांना सांगायला गेलो.

"अरे, पण वाजतोय ना भोंगा?" ते म्हणाले.

"कोणाच्या सांगण्यावरून वाजतो ते कळाले पाहिजे, साहेब."

"कळाले?" ते हसले. आमच्याकडे 'कळायला'ला 'कळाले' म्हणतात. समोर बसलेला पाहुणाही हसला. "बरं, तुझं ते कळाले काय असेल ते करून टाक. पण भोंगा बंद पडता कामा नये."

मी ड्रायव्हरमधला प्रत्येक प्रिंट-के काढला. सेन्सरच्या तारेवर कान ठेवायची परवानगी कर्नलकडे मागताना आपलं नाव सांगावं लागतं. तिथे दोन्ही सेन्सरांसाठी नुसतं 'सेन्सर' लिहिलं होतं. तिथे उत्तर आणि दक्षिण अशी नावं दिली. नवं सॉफ्टवेअर गावच्या डब्यात पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी लॉग पाहिला, तर मी खुर्चीतच मागे टेकलो.

उत्तर : जनावर दिसलं. दक्षिण : जनावर दिसलं. उत्तर : जनावर दिसलं. दक्षिण : जनावर दिसलं. दर वेळी दोन्ही, एकाच क्षणी. गावाच्या दोन टोकांना एकाच वेळी जाणारा वाघ अजून जन्माला आलेला नाही.

आता इथे इंटरप्ट म्हणजे काय ते सांगायलाच हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. इंटरप्ट म्हणजे पदर ओढणं. प्रोसेसर आपल्या कामात असतो, सेन्सर येऊन त्याचा पदर ओढतो. प्रोसेसर हातातलं खाली ठेवतो आणि त्या सेन्सरचं पाहणाऱ्या फंक्शनला हाक मारतो. त्या फंक्शनला इंटरप्ट हँडलर म्हणतात. हँडलरने चटकन पाहायचं, चटकन नोंद करायची आणि निघायचं. तिथे झोपायला सक्त मनाई आहे. लांबण लावायचं काम मागाहून, दुसऱ्याकडून. आमच्या डब्यात तारा कमी, म्हणून दोन्ही सेन्सर एकाच तारेवर होते. पदर एक आणि ओढणारी पोरं दोन. अशा वेळी कर्नल दोन्ही हँडलरांना एकेक करून विचारतो, तुझ्या पोराने ओढला का? हँडलरने आपल्या सेन्सरकडे वळून पाहायचं आणि खरं उत्तर द्यायचं : माझ्याने, किंवा माझ्याने नाही.

आमचे हँडलर वळून पाहतच नव्हते. विचारलं रे विचारलं की दोघेही 'माझ्याने' म्हणून मोकळे. मी नावं लावली तेव्हा हे उघडं पडलं. ओळीला जे नाव लागतं ते बोलणाऱ्याचं असतं, ओढणाऱ्याचं नसतं. बोलणारा खोटा असेल तर नावासकट खोटं छापलं जातं, एवढाच फरक.

मग मी हँडलर दुरुस्त केले. विचारल्यावर आधी आपल्या सेन्सरची खूण वाचायची. ती लागली असेल तरच हो म्हणायचं, नसेल तर 'माझं नाही' म्हणून परत फिरायचं. पुस्तकात असंच आहे. जगातला कोणताही जाणकार असंच लिहील.

लिहिण्याआधी मी साहेबांना एक प्रश्न विचारला होता. "या तारेवर दोनच सेन्सर ना? मोहाकडे खांब लागला म्हणते आई."

"तो वेगळा आहे. त्याचा तुझ्या तारेशी काही संबंध नाही."

"नक्की?"

"तुला ड्रायव्हर लिहायचाय की खांब मोजायचेत?"

मी ड्रायव्हर लिहिला. आणि तपासायला स्वतः गावाला गेलो. उत्तरेच्या खांबासमोरून चालून पाहिलं, भोंगा वाजला. वाघाची उंची माणसाएवढी नसते, म्हणून मग चार पायांवर चालून पाहिलं. तिथे बायका सरपण घेऊन येत होत्या.

"ओ बाई, पाह्य ना," एक म्हणाली, "इंजिनेर वाघ होऊन राह्यला."

"शिकून शिकून आता इथवर आला," दुसरी म्हणाली. "याच्या मायनं याले चंद्रपूरले कायले धाडलं? रांगत तं घरीच होता."

मीही हसलो. भोंगा वाजत होता. लॉगमध्ये नुसतं 'उत्तर' येत होतं, दक्षिण गप्प होती. मग तलावाकडे गेलो, तर नुसतं 'दक्षिण' आलं. असं स्वच्छ काम मी क्वचित पाहिलं आहे. घरी आलो तर आई म्हणाली, "आमच्याइकडचंबी पाहून घे ना."

"ते वेगळं हाये, माय. ते या डब्यात नाई."

मला जे सांगितलं होतं तेच मी तिला सांगितलं.

त्यानंतरची सकाळ मी चंद्रपुरात होतो, म्हणून जे झालं ते ऐकलेलं लिहितो. आई आणि शेजारच्या चार-दोन बायका मोहावर गेल्या. झाडाखाली पाला साचलेला असतो. पाल्यात फुलं दिसत नाहीत, म्हणून आमच्याकडे वेचण्याआधी तो पाला जाळतात. जंगलवाले नको म्हणतात, पण आमच्या आजीच्या आजीने जाळला आणि आईही जाळते. त्या दिवशीही जाळला. एरवी पाला पेटला की भोंगा बोंबलायचा, त्या दिवशी बोंबलला नाही. बायका खूश झाल्या. आई म्हणाली म्हणे, "पाहा, माह्या पोट्ट्यानं दुरुस्त केला."

पुढे थोड्या वेळाने बांबूतून वाघीण निघाली. उत्तरेच्या खांबासमोरूनच ती नाल्याने खाली मोहाकडे आली. भोंगा गप्पच. शेजारणीने मान वर केली तेव्हा वाघीण नाल्याच्या काठावर उभी होती. शेजारीण ओरडली, सगळ्या पळाल्या, आणि आईचा पाय नाल्याच्या कपारीत जाऊन घोट्यातून मोडला. वाघिणीने कोणाला काही केलं नाही. ती पाहत उभी राहिली आणि आल्या वाटेने गेली. जनावर शहाणं होतं. शाळेजवळ डब्यावरचा हिरवा दिवा तेव्हाही जळत होता.

आईला दवाखान्यात नेलं, प्लास्टर घातलं, मग मी लॉग पाहिला. पाला पेटल्याच्या वेळेला लॉगमध्ये कर्नलची एक ओळ होती, आणि पुढे काहीच नाही. ती ओळ कर्नलच्या इंग्रजीत ठरलेली आहे. मराठीत तिचा अर्थ होतो : कुणालाच पडलेली नाही.

तारेवर कोणीतरी पदर ओढत राहतं, कर्नल प्रत्येक हँडलरला विचारत राहतो आणि सगळे 'माझं नाही' म्हणतात. असं फार झालं की कर्नल ही ओळ लिहितो आणि ती तारच बंद करून टाकतो. यंत्राच्या हिशेबाने 'फार' व्हायला डोळ्याची पापणी लवायचीही गरज नसते. म्हणजे उत्तर आणि दक्षिण सोडून तिसरं कोणीतरी माझ्या तारेवर होतं. त्याने ओढलं. त्याचं कोणी नव्हतं. तार बंद झाली, आणि मागून उत्तरेच्या सेन्सरने वाघीण पाहिली तेव्हा त्याचं ऐकायला कोणी उरलं नव्हतं.

साहेबांचा अहवाल माझ्याआधी तयार होता. स्थानिक अभियंत्याने केलेल्या बदलामुळे यंत्रणा बंद पडली. स्थानिक अभियंता म्हणजे मी. नाव नव्हतं, पण सगळ्यांना कळलं.

आमच्याकडे खांब उभे करणारा, तारा जोडणारा फिटर आहे. चंद्रपूरचाच, मुसलमान, माझ्यापेक्षा बराच मोठा. मी त्याला भाऊ म्हणतो. त्याला घेऊन मी गावी गेलो आणि थेट पूर्वेच्या खांबाखाली उभा केला.

"भाऊ, याची तार कुठी जाते?"

तो वर पाहत राहिला, मग खाली.

"भाऊ, तुमाले इचारून राह्यलो."

"उत्तरवाल्याच्या तारेवर जोडेल हाये," तो म्हणाला. "दुसरी जागाच नव्हती डब्यात."

"साहेब म्हणते, याचा संबंध नाई."

"साहेबाले मालूमच नाई." त्याने डोक्यावरचा रुमाल काढून तोंड पुसलं. "भाऊ, खरी बात सांगू का? मले साहेबानं रिकामाच डब्बा लटकवाले सांगतलं होतं. बाया ओरडून राह्यल्या ना, म्हणे लटकव एक, गप बसतीन. अंदर कुछ नाई. मी खांब गाडत होतो तं तुमची माय मले पानी द्याले आली. म्हणे, भाऊ, हा चांगला बसव, आमी रोज इथीच असतो. आता तुमीच सांगा, खाली डब्बा लटकवून त्या बाईच्या हातचं पानी कसं पेवावं? वापस धाडाच्या खोक्यात एक पुराना सेन्सर पडला होता. चालू होता. टाकून देल्ला आत."

"मले तरी सांगाचं होतं."

"तुमाले सांगतलं असतं तं तुमी साहेबाले सांगतलं असतं. तुमच्या पोटात काही राह्यते का?"

खरं आहे, राहत नाही.

म्हणजे झालं होतं ते असं. साहेबांनी माझ्या आईच्या डोळ्यांसमोर रिकामा डबा टांगायला सांगितला. फिटरने लाजेखातर त्यात सेन्सर घातला. आणि तो सेन्सर चालत होता तो केवळ जुने हँडलर खोटे बोलत होते म्हणून. मोहाकडच्याने ओढलं की उत्तर आणि दक्षिण दोघेही 'माझ्याने' म्हणायचे, आणि भोंगा वाजायचा. त्याचं तोंड जंगलाकडे असल्याने बायका त्याला दिसत नसत, पण पेटलेल्या पाल्याची धग लागायची; पाला जळेपर्यंत बोंबलायचा हे खरं, पण वाघ आला असता तरी वाजलाच असता. मी खरं बोलणारे हँडलर लिहिले, तेव्हा तो बंद झाला.

मला कोणी विचारेल, चूक कोणाची? माझी नाही. हे मी आजही छाती ठोकून सांगतो. मी विचारलं होतं, नक्की का म्हणून दुसऱ्यांदाही विचारलं होतं. पण आईचा पाय माझं हे म्हणणं ऐकून जुळणार होता थोडाच.

त्यावर उपाय अवघड नव्हता. मोहाकडच्या सेन्सरला स्वतःचं नाव द्यायचं, कर्नलला तो आहे हे सांगायचं, त्याचा हँडलर जोडायचा. पाल्याची आग आणि चालतं जनावर यांत फरक करायला थोडं मोजमाप वाढवायचं. फिटरने सांगितलेलं साहेबांच्या कानावर घालून मी ते ऑफिसात टेबलावर करून दाखवलं. उत्तर, दक्षिण आणि तिसरं नाव 'मोह'. तिसऱ्या सेन्सरसमोर हात हलवला की पडद्यावर ओळ येई. मोह : जनावर दिसलं. मला फार बरं वाटलं होतं.

साहेबांनी ते पाहिलं.

"हे नाव असंच वर रिपोर्टात जाणार?"

"जाईन ना. कर्नल लावते ते, आपल्या हातात नाई."

"मग वरचे विचारतील, मंजूर दोन आहेत, तिसरा आला कुठून?"

"सांगायचं, बायकांच्या सोयीसाठी लावला."

"आणि तो परत पाठवायच्या खोक्यातला होता, तेही सांगायचं? आणि आधी रिकामा टांगायला सांगितला होता, तेही?"

"खरं ते सांगायचं, साहेब."

"तुझं हे खरं खूप झालं," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. साहेब आवाज कधीच चढवत नाहीत. "तुझा नवा ड्रायव्हर उत्तम आहे. मीच वर सांगेन तसं. अहवालातलं ते वाक्यही काढून टाकतो. गोंधळ झाला तो अनधिकृत जोडणीमुळे. ती जोडणी काढून टाकू. झालं?"

माझ्यावरचा ठपका पुसून ते मला मोहाकडचा सेन्सर काढायला लावत होते.

"तिथे माझी माय बसते, साहेब."

"आता नाही ना बसत. पाय मोडलाय."

हे वाक्य त्यांनी दुष्टपणाने म्हटलं नाही. सोडवलेल्या गणिताकडे पाहतात तसं पाहून म्हटलं.

सेन्सर फिटरने काढला, त्यालाच काढावा लागला. तार कापली, सेन्सर खिशात घातला आणि डबा तसाच खांबावर ठेवला. तसं सांगितलं होतं. माझा ड्रायव्हर शाळेजवळच्या डब्यात राहिला. तार पुन्हा कधी बंद पडली नाही.

पुढच्या सुटीला मी गावाला गेलो, तर सकाळी बायका मोहावर निघाल्या होत्या. मोसम संपत आला होता, थोडी फुलं गळत होती. त्यांतल्या एकीने जाता जाता पूर्वेच्या खांबाकडे पाहिलं, डबा आहे ना ते पाहिलं, आणि निर्धास्त पुढे गेली. ते पाहणं मला सहन झालं नाही. आई भिंतीला टेकून, पाय पुढे पसरून अंगणात बसली होती. तिला मी सगळं सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "म्हंजे पहिले खोटं होतं तवा चालत होता."

"हो."

"मंग तुनं बरोबर केलं, म्हनून आमचा गेला."

"तसं नाई, माय. साहेबानं..."

"तुहा साहेब मले ठाऊक नाई. मी तुलेच ओळखतो."

मी शाळेतून शिडी आणली. खांबाला लावली, वर चढलो आणि पान्याने डबा सोडवला. खाली उतरून उघडला. आत कुंभारमाशीने घर केलं होतं, दुसरं काही नव्हतं. तोवर मोहावरच्या बायका टोपल्या घेऊन परत आल्या आणि भोवती उभ्या राहिल्या. मी डबा फिरवून सगळ्यांना दाखवला. म्हटलं, हा रिकामा आहे, याच्या भरवशावर बसू नका. उत्तरेने वाघ आला तर भोंगा वाजेल, दक्षिणेने आला तरी वाजेल, वाजला की पळा, पण या बाजूने वाघ आला तर काही वाजणार नाही.

मला वाटलं होतं, त्या साहेबांना शिव्या घालतील.

"रिकामा असन," शेजारीण म्हणाली. वाघीण तिनेच पाहिली होती. "पन वाघाले का मालूम, रिकामा हाये म्हनून?"

"वाघाले नाई, बाई. तुमाले मालूम असलं पाहिजे."

"आमाले मालूम होऊन का करावं? मोहा सोडावा?"

मागून एक म्हातारी बोलली, "चंद्रपूरले शिकाले गेला, तं गावात काही आनन म्हटलं. हा तं लागलं होतं तेबी काढून नेऊन राह्यला."

कोणी हसलं नाही. मी डबा घेऊन घरी आलो. संध्याकाळी साहेबांचा फोन आला, कोणीतरी त्यांना कळवलं होतं. कंपनीची वस्तू परवानगीशिवाय काढली म्हणाले. मी म्हटलं, माझ्या घरी ठेवली आहे, ज्याला पाहिजे त्याने येऊन माझ्या आईला मागावी. अजून कोणी आलेलं नाही.

नोकरी मी सोडली नाही. सोडली असती तर गोष्ट चांगली दिसली असती. पण उत्तरेचा आणि दक्षिणेचा सेन्सर मी पाहिला नाही तर कोण पाहणार, तेही आहे. आईचा पाय जुळला, वाकडा जुळला. यंदा ती पुन्हा मोहावर जाते, काठी घेऊन. आता बायका एकीला वेचू देत नाहीत, नुसती उभी करतात, तोंड जंगलाकडे. तिच्या वाटची फुलं बाकीच्या वेचून देतात. बहुतेक दिवस ती उभी राहणारी माझी आईच असते. पायामुळे तिला खाली बसता येत नाही.